आजीच्या हातावरील तुळस

गतवर्षी डिसेंबर महिन्यात इयत्ता आठवीच्या वर्गास घेऊन आम्ही अजिंठ्याची लेणी पाहावयास गेलो होतो. अजिंठा गाव हे माझे माहेर. गावातून घाट उतरून फर्दापुराकडे गेले म्हणजे लेण्यांचा फाटा लागतो, आणि तेथून वाघूर नदीच्या वळणापर्यंत सरकारी गाडीने जावयाचे असते. ही वाट मी लहानपणापासून इतक्यांदा पाहिली आहे की, तीत काही नवे दिसेल अशी अपेक्षा मला उरली नव्हती.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात मुलांस सर्वांत अधिक गंमत वाटली ती बुद्धाच्या चित्रांची नव्हे, तर एका इंग्रजाच्या नावाची. 1819 सालच्या एप्रिल महिन्याच्या 28 तारखेस जॉन स्मिथ नावाचा घोडदळाचा अधिकारी शिकारीच्या नादाने येथे आला आणि त्याने आपले नाव व तारीख एका खांबावरील चित्रावर कोरून ठेविली. त्या काळी लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता व तो त्यावर उभा होता; म्हणून ते नाव आज माणसाच्या डोक्याहून उंच दिसते. मुले माना उंचावून ते शोधीत होती. "बाई, चित्रावर नाव कोरणे हा गुन्हा नव्हे काय?" असे एकाने विचारले. मी म्हटले, "आज तू कोरशील तर होईल, याने कोरले ते इतिहासात जमा झाले." माझ्या या उत्तरावर मुले हसली, मीही हसले.

परतताना फाट्याजवळ एक वृद्ध बंजारा स्त्री टोपलीत बोरे घेऊन बसली होती. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेले होते. कपाळावर, गालावर, हनुवटीवरही हिरवट ठिपके होते. आमच्या दोघातिघा मुलांनी एकमेकांस खुणा केल्या. एक जण म्हणाला, "हिच्या अंगावर कोणी जॉन स्मिथ येऊन गेलेला दिसतो!" सर्वत्र हशा पिकला. त्या हशात एक मुलगी मात्र सामील झाली नाही. ती सोयगावकडील एका तांड्यावरून आपल्या वसतिगृहात शिकावयास आलेली आहे. तिने मान खाली घातली आणि गाडीत जाऊन बसली.

मी त्या मुलांस तेथल्या तेथे रागे भरावयास हवे होते. परंतु माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. कारण तीस वर्षांपूर्वी मी याहून वाईट वागले होते, आणि तेही आपल्या सख्ख्या आजीशी.

माझी आजी ख्रिस्ती घरात जन्मलेली नव्हती. आमच्या आजोबांच्या घराण्यात सुवार्ता पूर्वीच पोचलेली होती. औरंगाबादेच्या बाजूस एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने रत्नजी नवरोजी या जन्माने पारशी असलेल्या पाळकांनी पुष्कळ वर्षे श्रम केले. त्या पेरणीचे पीक म्हणजे आमच्यासारखी खेड्यापाड्यांतील कुटुंबे. आजी लग्न होऊन आली आणि काही काळाने तिचा बाप्तिस्मा झाला. तोवर तिच्या अंगावर जे गोंदावयाचे ते गोंदून झालेले होते: कपाळावर एक ठिपका, हनुवटीवर तीन, उजव्या हातावर तुळशीवृंदावन आणि डाव्या मनगटावर एक लहानसा विंचू.

ही गोंदवणी कशी होत असे, ते ती मला पुष्कळदा सांगे. जत्रेच्या दिवसांत गोंदणारीण गावोगाव फिरे. तिच्यापाशी तीनचार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या असत. दिव्याची काजळी कसल्याशा पाल्याच्या रसात खलून ती काळी शाई करी. आधी काडीने अंगावर आकृती काढावयाची, मग सुयांनी टोचावयाचे, वरून हळद लावावयाची. पोर रडू लागले की गोंदणारीण गाणे म्हणे आणि पोरीची आई तिचा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून बसे. मोबदल्यात सूपभर धान्य किंवा जुने लुगडे. चारसहा दिवस हात सुजे, मग खपली पडे, आणि खालून ती हिरवी निळी आकृती निघे ती कायमची. लग्नाआधी मुलीस गोंदलेले नसले तर सासरी बोल लागे. आणि बायका अशी समजूत बाळगीत की सोनेनाणे, लुगडी, भांडी सर्व येथे राहते, मेल्यावर बरोबर येतो तो एवढाच दागिना. गरिबांच्या घरी याहून दुसरा दागिना नसे, हेही खरेच.

आजीच्या कपाळावर ठिपका होता असे मी वर लिहिले. परंतु मी पाहिला तो ठिपका नव्हे, तर पावलीएवढा एक पांढुरका डाग. लग्नानंतर मंडळीतील कोणा वडीलधाऱ्या माणसाने तीस सांगितले की, ही जुन्या देवांची खूण आहे, ती घेऊन प्रभूभोजनास येणे बरे नव्हे. त्या काळी गोंदण काढावयाचा उपाय एकच लोकांस ठाऊक होता, तो म्हणजे बिब्ब्याचे तेल. बिब्बा कातडी जाळतो. आजीने कपाळावरचा ठिपका जाळून घेतला. जखम चिघळली, महिनाभर ती अंथरुणावर होती. हनुवटीवरील ठिपके आणि हातावरील तुळस मात्र तिने जाळू दिली नाही. देवळात जाताना ती उजवा हात पदराखाली घेई आणि भाकर व प्याला घेतानाच काय तो बाहेर काढी. सारा जन्म तिने हे केले. आम्हां मुलांस ती तिची सवय वाटे; एखादी बाई पदराशी चाळा करते, तशी.

आता माझी गोष्ट. मी दहावीत होते. रविवारच्या शाळेत शास्त्रपाठांतराच्या परीक्षेत माझा पहिला क्रमांक आला होता व त्याचा मला ताठा झाला होता. एके दिवशी लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचताना अठ्ठाविसाव्या वचनावर माझे बोट थांबले. मृतांसाठी अंगावर जखमा करून घेऊ नका व अंग गोंदून घेऊ नका, अशा अर्थाचे ते वचन आहे. मी शास्त्र तसेच उचलून स्वयंपाकघरात गेले. आजी चुलीपुढे भाकरी थापीत होती, तिच्या बाह्या वर सरकलेल्या होत्या. मी ते वचन मोठ्याने वाचून दाखविले आणि म्हटले, "बघ आजी, देवाने मना केलेले आहे."

तिने भाकरी उलथली. मग थोडा वेळ आपल्या हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "माय, देवानं मला हाक मारली तवा हात असाच व्हता. त्याला दिसला नसंल का?" एवढे बोलून ती पुन्हा कामास लागली. त्या दिवशी ती माझ्या ताटाशेजारी बसली नाही. मी मात्र मोठ्या विजयाच्या थाटात जेवले, हे मला आजही स्पष्ट आठवते.

पुढे नऊदहा वर्षांनी ती वारली. मी तेव्हा पदवीधर होऊन नुकतीच शिक्षिकेच्या कामास लागले होते. तीस न्हाऊ घालावयास घरातील स्त्रियांबरोबर मीही बसले. पाण्याने तिच्या हातावरील तुळस ओली झाली आणि इतकी ताजी दिसू लागली की, जणू कालच गोंदली असावी. माझी आत्या पुटपुटली, "हे तिच्या आईनं हात धरला व्हता त्याची खूण हाय. म्हणून नाही जाळली." ही गोष्ट मी त्या दिवशी प्रथम ऐकली. आजीची आई हे गोंदून झाल्यावर वर्षाच्या आत पटकीने मेली होती. आजीपाशी आईची दुसरी कोणतीही वस्तू नव्हती. फोटो तर कोठून असणार!

आम्ही तिचे हात छातीवर दुमडले. उजवा वर ठेवावा की डावा, याविषयी क्षणभर कुजबूज झाली. शेवटी उजवा वर ठेवला.

ही सर्व हकीगत मी मनाच्या तळाशी ठेवून दिलेली होती. ती वर आली ती माझ्या मावसबहिणीमुळे. ती आखाती देशात परिचारिका आहे. तिच्याबरोबर काम करणारी एक फिलिपिनो भगिनी लेते बेटावरील ताक्लोबान शहराची राहणारी. हे तेच शहर, ज्याचा 2013 सालच्या नोव्हेंबरातील वादळाने विध्वंस केला व हजारो माणसे दगावली. या भगिनीने आपल्या गावच्या उत्सवाची चित्रे बहिणीस दाखविली आणि बहिणीने ती मजकडे धाडली. पाहते तो काय, शेकडो तरुण-तरुणी अंगभर रंगाने नक्षी काढून ढोलांच्या तालावर रस्त्यातून नाचत चालले आहेत! आणि हा उत्सव कोणाचा, तर बाळ येशूच्या सणाचा.

मला हे प्रकरण नीट समजून घ्यावेसे वाटले. ज्या बेटांस आज विसाया म्हणतात तेथील लोक पूर्वी सर्वांगावर गोंदवीत. पुरुषाने युद्धात पराक्रम केला म्हणजे त्यास गोंदवून घेण्याचा मान मिळे. जितका शूर तितके अंग भरलेले. 1521 साली मॅगेलन तेथे पोचला तेव्हा त्याच्याबरोबरच्या पिगाफेट्टा नामक इटालियन प्रवाशाने तेथील एका राजाचे अंग असे चित्रित असल्याची नोंद करून ठेविली आहे. लेतेच्या दक्षिणेस लिमासावा नावाचे लहानसे बेट आहे. त्या देशातील पहिली पुनरुत्थानदिनाची उपासना 31 मार्च 1521 रोजी तेथेच झाली, असे मानितात. त्याच वर्षी सेबू येथील राणीस बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ येशूची एक मूर्ती भेट देण्यात आली. पुढे स्पॅनिश लोकांनी या बेटवाल्यांस नाव दिले ते 'पिंतादोस', म्हणजे रंगविलेले लोक. सुमारे 1590 सालच्या एका हस्तलिखितात त्यांची रंगीत चित्रेही आहेत. ख्रिस्ती धर्म पसरला, राज्य बदलले, आणि त्या बेटांवरील गोंदवण्याची चाल हळूहळू लोपली. लुझोनच्या डोंगरांत ती काही जमातींत टिकली. कलिंग जमातीतील व्हांग-ओद नावाची वृद्धा शंभरी उलटल्यावरही काट्याने गोंदवीत असे, व 2023 साली एका मासिकाने तिचे चित्र मुखपृष्ठावर छापिले.

परंतु ताक्लोबानच्या लोकांनी 1987 सालापासून एक निराळी गोष्ट आरंभिली. जून महिन्याच्या अखेरीस त्यांच्या बाळ येशूचा सण येतो. त्या सणास लागून ते आपल्या रंगविलेल्या पूर्वजांचा उत्सव करू लागले. ज्यांच्या अंगावरील आकृतींस परक्यांनी रानटीपणा म्हटले, त्यांची नातवंडे आता त्याच आकृती रंगाने अंगावर काढून देवळाकडे जातात. यात रंग व नाच यांचा भपका असेल, प्रवाशांस ओढून आणण्याचा हेतूही असेल. रोमन कॅथोलिक मंडळींच्या मूर्ती व मिरवणुका आमच्या उपासनेत बसणाऱ्या नव्हेत, हेही मी जाणते. तरी ती चित्रे पाहताना मला राहून राहून एकच गोष्ट दिसे: पदराखालचा एक हात.

नंतर मी लेवीयाचा तो अध्याय पुन्हा उघडला. पंधराव्या वर्षी मी त्यातले एकच वचन वाचले होते. आता अध्याय सबंध वाचला. अठ्ठाविसाव्या वचनात मृतांच्या शोकाचा संबंध आहे, तो मी तेव्हा गाळून टाकिला होता. त्याच्या आधीचेच वचन दाढीचे कोपरे छाटू नयेत असे सांगते. आमच्या मंडळीतील एकाही गुळगुळीत दाढीच्या सद्गृहस्थास ते कोणी वाचून दाखविल्याचे माझ्या ऐकिवात नाही. थोडे वर एकोणिसाव्या वचनात दोन जातींच्या सुतांचे वस्त्र अंगावर घालू नये असे आहे, आणि मी तर टेरिकॉटचा झगा घालून शास्त्रपरीक्षेचे बक्षीस घेतले होते! पण या सर्वांहून मला खाली मान घालावयास लाविले ते बत्तिसाव्या वचनाने. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहावे, वृद्धाचा मान राखावा, अशी तेथे आज्ञा आहे. माझे बोट जेथे थांबले होते तेथून ती अवघी चार वचने खाली होती. आजी चुलीपुढे बसली होती, आणि मी तिच्यासमोर उभी होते हे खरे; परंतु ते मान राखण्यासाठी नव्हे.

ख्रिस्ती मनुष्याच्या अंगावर गोंदण असू नये, असे म्हणणारांस मिसर देशातील आपले कोप्त बांधव ठाऊक नसावेत. त्यांच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस लहानसा क्रूस गोंदलेला असतो. छळाच्या काळातही तो पुसता येत नाही आणि लपविणे कठीण. यरुशलेमेत रझूक नावाचे घराणे कित्येक पिढ्या यात्रेकरूंच्या हातावर असे क्रूस गोंदीत आले आहे. बोस्नियातील कॅथोलिक स्त्रिया तुर्कांच्या अमदानीत मुलींच्या हातांवर क्रूस गोंदवीत. आमच्या पंढरीच्या वाटेवरील वारकरी गोपीचंदनाच्या मुद्रा लावतो, माध्व वैष्णव तापलेल्या शंखचक्रांच्या मुद्रा दंडावर घेतो. पौलाने गलतीकरांस लिहिताना आपल्या देहावर येशूच्या खुणा असल्याचे म्हटले आहे. त्या फटक्यांच्या व दगडांच्या खुणा होत. माणसास आपली भक्ती कातडीवर वाहण्याची इच्छा का व्हावी, हे मला पूर्णपणे सांगता येणार नाही. पण ती इच्छा फार जुनी व फार ठिकाणची आहे.

येथे पालकांनी मजवर रागावू नये म्हणून एक गोष्ट लिहिते. मुलांनी गोंदवून घ्यावे, असा माझा उपदेश बिलकूल नाही. हल्ली जत्रेतही यंत्राने गोंदतात. एकच सुई दहा जणांस लावली तर कावीळ व त्याहून भयंकर रोग रक्तातून पसरतात. शिवाय पंधराव्या वर्षी जे आवडते ते पस्तिसाव्या वर्षी आवडत नाही. शास्त्रपाठांतराचे बक्षीस मिळविणाऱ्या मुलीने हे सांगितल्यास विश्वास ठेवावयास हरकत नसावी.

सहलीनंतरच्या आठवड्यात मी आठवीच्या वर्गास मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. 1844 साली तो अजिंठ्यास आला आणि वर्षानुवर्षे लेण्यांतील चित्रांच्या नकला करीत राहिला. त्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. 1866 च्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी पुन्हा श्रम करून नकला केल्या. त्यांतील पुष्कळ 1885 साली लंडनलाच आगीत गेल्या. तरी भिंती जागेवर होत्या, म्हणून तिसऱ्यांदा नकला करता आल्या. "पण तुमच्या आज्या-पणज्यांच्या हातांवर जी चित्रे आहेत," मी म्हटले, "त्यांची भिंत फार दिवस उभी राहणार नाही. सुट्टीत घरी जाल तेव्हा ती कागदावर उतरवून आणा. कोणी गोंदले, कोठे, हात कोणी धरला, तेही विचारा."

नाताळची सुट्टी संपल्यावर वह्या आल्या. कोणाच्या घरी गोंदलेले कोणीच उरले नव्हते. अशांनी आईकडून ऐकलेले लिहिले. पण उरलेल्या वह्यांत काय काय होते! बाशिंग, पाळणा, पाच पांडवांचे पाच ठिपके, मोर, वेल, एका पणजीच्या दंडावर हरवलेल्या भावाचे नाव आणि त्यातील एक अक्षर उलटे, कारण गोंदणारणीस वाचता येत नव्हते. फाट्याजवळ जो मुलगा जॉन स्मिथाचे नाव घेऊन हसला होता, त्याने आपल्या आजीच्या पोटरीवरील मासोळी काढून आणली. खाली लिहिले होते, "आजीने आधी दाखविण्यास नकार दिला. मी दोन दिवस विनविले."

तांड्यावरच्या मुलीची वही सर्वांत शेवटी आली. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत काढले होते, डावा व उजवा, समोरासमोरच्या पानांवर.

जानेवारीच्या पालकसभेत आम्ही ही चित्रे मोठ्या दालनात दोरीवर टांगली. तिची आजी, जी पूर्वी कधी शाळेच्या फाटकाच्या आत आली नव्हती, ती आली. मी उठून उभी राहिले व तीस खुर्ची दिली; ती बसली नाही. चित्रांपुढे जाऊन आपल्या नातीच्या पानांशी थांबली. बाही मागे सारून हात चित्राच्या शेजारी धरला, आणि दोन्हींकडे आळीपाळीने बराच वेळ पाहिले. मग नातीशी त्यांच्या बोलीत काही बोलली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, मनगटाशी एक टिपका ऱ्हायलाय."

मी तिच्या हाती पेन दिले.